सान्वीसाठी लाल मोहो

अबुधाबी,
१२ एप्रिल २०२५

चि. कावेरी,

नावाआधी 'सौ.' लिहिलं, पुसलं, आणि नुसतं 'चि.' ठेवलं. तेवढं तरी मला लिहिता येईल असं वाटतं.

फोन मुद्दामच केला नाही. चार वर्षांपूर्वी तू सान्वीला घेऊन या घरातून निघालीस तेव्हा दारातून मला हाक मारली होतीस. मी स्वयंपाकघरात होते आणि ऐकूनही बाहेर आले नाही. त्यानंतर तुझ्याशी बोलायचं कुठल्या तोंडाने, म्हणून टॅबवर एका बोटाने हे लिहिते आहे. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, पण हा कीबोर्ड काही हाताशी बसत नाही.

दर रविवारी शार्दूल लेकीला फोन लावतो, त्यात सान्वी मलाही दिसते. दहा मिनिटं. 'हाय आजी, आय ॲम फाईन' झालं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसतो. तिला मराठी येत नाही, माझं इंग्रजी तिला हळू वाटतं. पण गेल्या रविवारी मी विचारलं, आज काय खाल्लंस? तर तिचा चेहराच बदलला. 'पापास विथ मोहो' म्हणाली आणि लाल झालेली बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. बारा बटाटे खाल्ले म्हणे. मग मला म्हणाली, 'आजी, कॅन यू मेक इट?' मी हो म्हणून बसले. आठ वर्षांची झाली, आणि पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं.

मी नेटवर शोधलं, मोहो म्हणजे तिकडची मिरची-लसणाची चटणी, पण दहा बायका दहा तऱ्हेने करतात. सान्वीला आवडतो तो कसा करायचा ते मला सविस्तर लिहून कळव. तुझं मन या वर्षी वळलं आणि ती इकडे आली, तर तिला घरी आल्यासारखं वाटावं एवढीच इच्छा. मी काही तक्रार करत नाही.

तुझी,
मनोरमा

---

लास पाल्मास,
१९ एप्रिल २०२५

आई,

तुमची मेल ऑफिसात उघडली आणि मीटिंगला उशिरा गेले. मी अजून तेच काम करते आहे, समुद्राचं पाणी गोडं करण्याचं. अबुधाबीत करत होते, आता या बेटावर करते. त्या दिवशीच्या हाकेबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

मोहो मला पिनोने शिकवला. पिनो आमची घरमालकीण. आम्ही वरच्या मजल्यावर, ती खाली. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत सान्वी तिच्याकडेच असते. हा खास या बेटांवरचा पदार्थ आहे, बाकी स्पेनमध्ये असा करत नाहीत.

सुक्या लाल मिरच्या आठ. इथल्या जाड सालीच्या आणि गोडसर असतात. तुम्हाला ब्याडगी मिळेल, ती चालेल. तिखटपणासाठी एखादी लवंगी घाला, जास्त नको. बिया काढून मिरच्या अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. खलबत्त्यात आधी सहा-सात लसूण पाकळ्या, जाडं मीठ आणि चमचाभर जिरं कुटा. गुळगुळीत झालं की मिरच्या घालून पुन्हा कुटा. मग चमचाभर पापरिका, म्हणजे गोडं लाल तिखट, मग द्राक्षाचं व्हिनेगर थोडं थोडं, आणि शेवटी ऑलिव्ह ऑईल धार धरून, चमच्याने ढवळत. लसूण भाजायचा नाही. हे पुन्हा लिहिते कारण तुम्ही भाजणार. लसूण कच्चाच.

बटाटे लहान, सालासकट. बुडतील एवढंच पाणी आणि घाबरायला होईल एवढं मीठ. शिजले की पाणी ओता आणि भांडं गॅसवरच हलवत राहा. सालं सुरकुततात आणि वर मिठाची पांढरी साय येते. ते बटाटे बोटांनी धरून मोहोत बुडवायचे.

माझं मन वळण्याचं लिहिलंत ते मला नीट कळलं नाही. गुडघा आता कसा आहे? दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमुळे आणि गेल्या वर्षी 'लहान मूल आता झेपत नाही' म्हणून सान्वीला पाठवू नको म्हणालात, तेव्हा मला राग आला होता. आता नाही. वयाचं मी समजू शकते.

कावेरी

---

अबुधाबी,
२ मे २०२५

चि. कावेरी,

तू ओळखलंस तसंच झालं. लसूण भाजला. मिरच्याही तव्यावर परतल्या, कारण न परतलेली मिरची आमच्या घरात कधी कुटलेली नाही. घरभर ठसका. शार्दूल ऑफिसच्या कॉलवर होता, तो खोकत बाहेर आला आणि एसी चालू असताना सगळ्या खिडक्या उघडल्या. वर माझा हात आपोआप दाण्याच्या कुटाकडे गेला. झाली ती आपली लसणाची चटणीच, तीही करपलेली.

दुसऱ्यांदा लसूण कच्चा घेतला पण खांदा दुखत होता म्हणून मिक्सर लावला, तेलासकट. रंग सुंदर आला आणि चव कडूजहर. समोरच्या फ्लॅटमधल्या मैमुनाबी आल्या होत्या. हैदराबादच्या आहेत, तीस वर्षं झाली त्यांना इथे. त्यांनी बोटाने चाटून बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाभी, ये तो दवा है." तेल मिक्सरमध्ये फिरवलं की कडू होतं का? तू चमच्याने ढवळायला लिहिलं होतंस, मी वाचूनही सोडून दिलं. तिसरा मोहो फार पातळ झाला. चौथा उद्या करीन.

गुडघ्याचं म्हणशील तर माझे दोन्ही गुडघे होते तसेच आहेत. कुठल्या वर्षीचं ऑपरेशन, आणि तुला ते कोणी सांगितलं, एवढं मला कळव. मूल झेपत नाही असं मी कधी म्हणाले तेही.

मनोरमा

---

लास पाल्मास,
३ मे २०२५

आई,

तीनदा वाचलं. तुम्हाला माहीत नाही, असं आत्ता माझ्या लक्षात येतंय.

आमच्या घटस्फोटाच्या करारात लिहिलेलं आहे की दर उन्हाळ्यात चार आठवडे सान्वी वडिलांकडे राहील आणि ते स्वतः येऊन तिला नेतील. २०२२ मध्ये शार्दूलचे बाबा आजारी होते, ते खरंच होतं. २०२३ च्या जूनमध्ये शार्दूलची मेल आली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दहा तारखेला आहे, घरात धावपळ, या वर्षी राहू दे. २०२४ मध्ये, आई म्हणते तिला लहान मुलीचं करणं होणार नाही. दोन्ही मेल माझ्याकडे आहेत. मी पाठवत नाही, तुम्ही वाचाव्यात असं मला वाटत नाही.

मी एकदाही नाही म्हटलेलं नाही. दोन्ही वर्षी तिची बॅग भरायला घेतली होती.

तेल मिक्सरमध्ये कडूच होतं.

कावेरी

---

अबुधाबी,
२५ मे २०२५

चि. कावेरी,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण त्याला विचारायला मला तीन आठवडे लागले. तो रोज साडेसहाला जातो, संध्याकाळी येऊन लॅपटॉप उघडतो. मी त्याच्याभोवती फिरत होते. तो म्हणाला, "आई, तुला काही हवंय का?" तरी विचारलं नाही.

काल शनिवार, चहा घेत बसला होता. मी म्हटलं, "शार्दूल, माझ्या गुडघ्याला कुठल्या हॉस्पिटलात टाके घातले रे?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कावेरीने सांगितलं का?"

"तू सांग."

"आई, खलास. तो विषय नको."

मी उठले नाही. समोरच बसून राहिले. तो खिडकीकडे बघत बोलायला लागला. २०२२ च्या फेब्रुवारीत माद्रिदला ट्रेनिंग आहे असं मला सांगून तो पाच दिवस गेला होता. ट्रेनिंग नव्हतंच. तो तुमच्याकडे आला होता. तुला हे माहीतच आहे, मलाच नव्हतं. म्हणाला, "ती त्या खालच्या बाईच्या मागे लपली, आई. दोन दिवस. मी तिच्यासाठी स्कूटर नेली होती, ती तिने हातात धरली नाही. मी जवळ गेलो की रडायची. तिसऱ्या दिवशी परत निघालो आणि विमानात बसल्यावर मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. स्वतःच्या मुलीपासून लांब जाताना ज्याला असं वाटतं, त्याने तिला आणून काय करायचं?"

"मग माझं नाव कशाला घातलंस मध्ये?"

"माझं नाव घालता आलं नाही म्हणून."

कावेरी, एवढा मोठा माणूस, बेचाळीस वर्षांचा, चहाच्या कपाकडे बघत बसलेला. मी एवढंच म्हटलं, "आण तिला. तुला काय वाटतं ते नंतर बघू."

तो म्हणाला, "इन्शाल्ला." इथे या शब्दाचा अर्थ हो की नाही, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. मी बघितलं आणि मला कळलं नाही. पण आज दुपारी त्याने तिकीट काढून मला फोनवर दाखवलं. तीन जुलैला निघणार, चारला तुमच्याकडे, आणि सहाला तिला घेऊन परत.

तू हो म्हणशील ना? मागची तीन वर्षं मी तुझ्याबद्दल जे मनात धरलं आणि मैमुनाबींना सांगत राहिले, त्याची मला लाज वाटते.

मनोरमा

---

लास पाल्मास,
१ जून २०२५

आई,

हो. पाठवीन.

पण त्या फेब्रुवारीबद्दल शार्दूलने तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही, कारण सगळं त्याला माहीत नाही. तो येणार हे मी सान्वीला आदल्या दिवसापर्यंत सांगितलंच नव्हतं. पाच वर्षांची होती, नऊ महिने तिने त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं. दार उघडलं आणि एक उंच माणूस आत आला. ती रडली तेव्हा मी तिला उचलून त्याच्याकडे न्यायला हवं होतं. मी दाराला टेकून उभी राहिले. ती त्याच्याकडे जात नाही हे बघून मला आतून समाधान झालं. तिसऱ्या दिवशी 'आता पुरे' असं त्याला मीच म्हणाले. त्याने ते तुम्हाला सांगितलं नाही, हे वाचून मला जास्त वाईट वाटलं.

या वेळी मी तिला महिनाभर आधीपासून सांगते आहे. तिने वहीत दिवस लिहून काढलेत, रोज एक खोडते. पिनोने तिला बजावलंय की आजीचा मोहो कसाही झाला तरी नावं ठेवायची नाहीत.

पातळ होत असेल तर मिरच्या भिजवलेलं पाणी घालू नका. आणि कुटताना मीठ जाडंच घ्या, त्यानेच लसूण नीट वाटला जातो.

कावेरी

---

अबुधाबी,
२० जून २०२५

चि. कावेरी,

जमला. सातव्यांदा. कुठे चुकत होते ते सांगते, मी घाई करत होते. लसूण-जिरं अगदी लोण्यासारखं होईपर्यंत मिरची घालायचीच नाही, हे हाताला कळायला सात खेपा लागल्या. मग तेल, धार धरून, खलबत्त्यातच. रंग विटेसारखा आला. लसूण आधी नाकात जातो, मग व्हिनेगर, आणि तिखट सगळ्यात शेवटी घशाशी येतं. आपल्या चटणीसारखं लगेच अंगावर येत नाही. बटाट्यांना तू म्हणतेस तशी मिठाची साय आली. मैमुनाबींनी नऊ खाल्ले आणि वाटीभर मोहो घरी घेऊन गेल्या.

शार्दूलने चव घेतली. "लसूण फार आहे," म्हणाला, आणि पुन्हा वाढून घेतलं. आधीच्या खेपांना ताट सरकवून उठायचा तो. त्याने तुझ्या जुन्या खोलीतली ट्रेडमिल विकून टाकली आणि तिथे छोटा पलंग आणला. काल गाडीत तो फोनवरून स्पॅनिश वाक्यं म्हणत होता. 'तुला भूक लागली का', 'तुला झोप आली का'. मी मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते.

इथे आता बाहेर पाऊल टाकवत नाही इतकं ऊन आहे. पण मॉलमध्ये नेऊ, संध्याकाळी समुद्रकाठी कॉर्निशवर नेऊ. तिला पोहता येतं का? तिला रात्री दिवा लागतो का? दूध कसं घेते? सगळं लिही.

मनोरमा

---

लास पाल्मास,
४ जुलै २०२५

आई,

फोन करत नाही, कारण सान्वी शेजारी बसलेली आहे आणि मी मराठीत बोलले तरी तिला आवाजावरून कळतं.

शार्दूल आला नाही. माद्रिदहून येणारं विमान अकरा चाळीसला उतरलं. सान्वी कठड्याला धरून पुढे उभी होती. सगळे लोक बाहेर आले, मग क्रू आले, मग दार बंद झालं. मी काउंटरवर विचारलं, त्यांनी सांगितलं की या नावाचा प्रवासी विमानात नव्हता. त्याचा फोन बंद आहे. पुढचं विमान संध्याकाळी पाचला होतं, सान्वी म्हणाली थांबू या, म्हणून थांबलो. त्यातही नाही.

तो कुठे आहे? त्याला काही झालं आहे का? तुम्हाला काही माहीत असेल तर लगेच लिहा. आधी मला काळजी वाटत होती. आता लिहिताना मला कळतंय की मला काळजी वाटत नाहीये.

कावेरी

---

अबुधाबी,
९ जुलै २०२५

चि. कावेरी,

तुझी चार तारखेची मेल मी सहा तारखेला संध्याकाळी वाचली. टॅब दोन दिवस चार्जिंगला लावून ठेवला होता, उघडलाच नाही. मी तयारीत होते. तो तुमच्याकडे पोचला असेल, तुम्ही सगळे गडबडीत असाल, म्हणून फोन नाही, असं मी धरून चालले.

सहा तारखेला सकाळी मोहो कुटला. बटाटे दुपारी चढवले, म्हणजे ती आली की गरम मिळतील. पाच वाजता बेल वाजली. शार्दूल दारात उभा होता, खांद्याला बॅग. मी त्याच्या मागे लिफ्टकडे बघत राहिले. ती माझी गंमत करायला लपली असेल असं मला वाटलं. मी "सान्वी" अशी हाकही मारली.

तो म्हणाला, "आई, मी गेलोच नाही."

मग आत येऊन बूट न काढता बसला. तीन तारखेला तो विमानतळावर गेला होता, बॅग तपासून आत गेला होता, गेटसमोर बसला होता. म्हणाला, "बोर्डिंग सुरू झालं. सगळे गेले. माझं नाव दोनदा पुकारलं. मी ऐकत होतो, पण उठता आलं नाही." तन्मय म्हणून त्याचा कॉलेजचा मित्र हमरिया फ्री झोन या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, त्याच्या खोलीवर जाऊन फोन बंद करून झोपून राहिला. तन्मयला सांगितलं की बरं नाही.

मी त्याला ओरडले नाही. मला ओरडता आलंच नाही. मी ताट वाढलं. तिच्यासाठी केलेले बटाटे आणि तिच्यासाठी कुटलेला मोहो त्याच्यापुढे ठेवला आणि तो जेवला. मी समोर बसून बघितलं. मग आत जाऊन टॅब उघडला.

कावेरी, एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. 'हे' गेले त्या वेळी अकरा दिवस हॉस्पिटलात होते. शार्दूल एकदाही वर आला नाही. मला गाडीने आणून सोडायचा, खाली पार्किंगमध्ये थांबायचा आणि निघून जायचा. ह्यांना बोलताना धाप लागायची, तरी रोज विचारायचे, "शार्दूल आला होता का?" आणि मी रोज सांगायची, "येऊन गेला, तुम्ही झोपला होतात. कपाळावर हात ठेवून गेला." ते हसायचे. शेवटच्या दिवशीही असेच हसले. माझ्या त्या खोट्याला मी माया समजत होते. आणि खाली गाडीत बसल्यावर शार्दूलला सांगायची, "काळजी करू नको, मी बाबांना सांगितलंय तू येऊन गेलास म्हणून." तो मान डोलवायचा.

न जाताही गेल्यासारखं करता येतं, हे त्याला मी शिकवलं. अकरा दिवस, रोज. त्याच्या लहानपणी किती वेळा शिकवलं असेल ते आठवायची आता हिंमत नाही. तू दारातून हाक मारलीस आणि मी पाणी पीत उभी राहिले, तेही त्यातलंच.

सान्वी कशी आहे? तिला काय सांगितलंस?

मनोरमा

---

लास पाल्मास,
१४ जुलै २०२५

आई,

मला तुमच्यावर रागावताही येत नाही, इतकी मी दमले आहे.

सान्वीला मी सांगितलं की बाबाचं विमान बिघडलं, आणि आता सुट्टीत दुसरं विमान मिळत नाही. विमानतळावर संध्याकाळी सहाला, तिच्याकडे बघून, मला दुसरं काही सुचलं नाही. तिने ते खरं मानलं आहे. दोन दिवस विमानं कशी बिघडतात हे विचारत होती. मी इंजिनिअर, मी तिला चित्र काढून समजावलं.

तुमचं हॉस्पिटलचं वाचलं आणि मग मी काढलेलं ते विमानाचं चित्र डोळ्यांसमोर आलं. तरीही मी तुम्हाला विनंती करते, रविवारी तिने विचारलं तर तुम्हीही तेच सांगा. ती आठ वर्षांची आहे. थोडी मोठी झाली की मी सांगेन.

शार्दूलने मेल केली आहे, एका ओळीची. सॉरी. मी उत्तर दिलेलं नाही.

कावेरी

---

अबुधाबी,
२१ जुलै २०२५

चि. कावेरी,

काल रविवारी मी माझ्या टॅबवरूनच सान्वीशी बोलले. इथे सगळी ॲप चालत नाहीत, मैमुनाबींनी चालणारं घालून दिलं. शार्दूल घरात होता, त्याच्या खोलीचं दार बंद होतं. तू तिला फोन देऊन बाहेर गेलीस ते मी पाहिलं.

तू सांगितलंस तेच बोलायचं मी ठरवलं होतं. सकाळपासून मनात घोकत होते. तिने आधी मला तिचा पडलेला दात दाखवला. मग विचारलं, "आजी, डिड दे फिक्स बाबाज प्लेन?"

मी 'येस' म्हणायला तोंड उघडलं. आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, ते ह्यांचं. उत्तर काय येणार हे आधीच माहीत असल्यासारखं. मला तो शब्द उच्चारता आला नाही.

मी म्हटलं, "बाळा, प्लेन वॉज ओके. बाबा डिड नॉट सिट इन द प्लेन."

तिला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. तिने मला पुन्हा विचारलं, हळूहळू, मला समजावं म्हणून. मी पुन्हा तेच सांगितलं.

"व्हाय?"

"ही वॉज अफ्रेड."

"ऑफ फ्लाइंग?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, "नो." त्यापुढे मला इंग्रजीतही सांगता येईना आणि मराठीतही. ती रडली नाही. "ओके आजी. बाय," म्हणाली. फोन तिने उलटा ठेवला असावा, कारण त्यानंतर बराच वेळ मला नुसता काळोख दिसत होता आणि लांबून कोणीतरी भांडी धुतल्याचा आवाज येत होता. मी बंद केला नाही. तू येऊन बंद केलास.

तुझं ऐकलं नाही. माझ्याकडे त्याला कारण आहे, पण ते ऐकून सान्वीला काही उपयोग नाही. शार्दूलला मी सांगितलं की मी तिला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आता ती माझ्याशी कधीच बोलणार नाही." मी म्हटलं, "कदाचित नाही बोलणार." तो ऑफिसला जातो, येतो, मी त्याचा डबा भरते. मी इथेच आहे. माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे, आणि तो माझा मुलगा आहे.

तुला वाटेल ते मला लिही. न लिहिलंस तरी चालेल.

मनोरमा

---

लास पाल्मास,
३ ऑगस्ट २०२५

आई,

तुम्ही बरोबर केलंत की चूक, मला माहीत नाही. दोन आठवडे मी ते ठरवायचा प्रयत्न केला आणि आता सोडून दिला आहे.

तुमच्या फोननंतर तिने मला एकच विचारलं, तुला माहीत होतं का? मी हो म्हणाले. तेव्हापासून ती पिनोकडे जेवते, माझ्याकडे फक्त झोपायला येते. माझ्याशी नीट बोलते, जे विचारीन त्याचं उत्तर देते. पाहुण्यांशी बोलावं तसं. विमानाचं जे चित्र मी काढून दिलं होतं ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मी वकिलाला भेटले. करारातला उन्हाळ्याचा भाग काढून टाकण्यासाठी अर्ज केला आहे. शार्दूल विरोध करणार नाही असं त्याने लगेच कळवलं. इतक्या लगेच त्याने मला आजवर कशाचंच उत्तर दिलं नव्हतं.

रविवारी फोन करू नका. हे मी सांगत नाही, तिने सांगितलं आहे. मी विचारलं, कधीपर्यंत? तिने खांदे उडवले.

काल पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म आला. अडचणीच्या वेळी आईखेरीज कोणाला बोलवायचं, त्याची चौकट असते. दरवर्षी ती मी भरते, या वेळी तिने पेन माझ्या हातातून घेतलं. वडिलांच्या ओळीवर रेघ मारली, सरळ, पट्टी ठेवून. मग तुमच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि चार अक्षरांनंतर थांबली. म्हणाली, आजी फार लांब राहते, तिला यायला कोणीतरी आणावं लागेल. तेवढं खोडून तिने तिथे पिनोचं नाव लिहिलं.

कावेरी